भेटीवाली बाई

रुंजी पहिल्या दिवशी रडली नाही. हेमलता वांढरे यांना तो चमत्कारच वाटला.

याआधी त्यांच्याकडे संगोपन मंडळानं सांभाळायला पाठवलेला गौरव नावाचा मुलगा राहून गेला होता. तो दिवसभर फाटकापाशी बसून असायचा. ताटातला भात वाळून जायचा, पण पोरगं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. दोनदा पळून गेला. शेवटी मंडळानं त्याला दुसऱ्या घरी हलवलं, तिथून तिसऱ्या घरी. त्याला घेऊन गाडी गेली तेव्हा हेमलताबाईंचे यजमान प्रमोदराव म्हणाले होते, "पुरे झालं हेमा. परक्याचं लेकरू असं मागून मिळत नसते."

आणि ही रुंजी! साडेतीन वर्षांची, उन्हानं रापलेली, हातात प्लास्टिकची एक चप्पल घट्ट धरलेली. दुसरी चप्पल कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आली, घरभर हिंडली, कूलरसमोर उभी राहून केस उडवून घेतले आणि संध्याकाळी हेमलताबाई वांगी चिरत बसल्या असताना त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपी गेली. प्रमोदरावांनी खुणेनं विचारलं, "झोपली?" हेमलताबाईंनी मान हलवली. पाठ अवघडली तरी त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

हा चमत्कार नव्हता. त्याला मेळांक म्हणत.

हृदय काही घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा जलद होतात, सोडला की मंदावतात. दचकलं, हसू आलं, ओळखीची हाक ऐकली, की लय बदलते. एकमेकांच्या सवयीची दोन माणसं जवळ असली, की एकाच्या हृदयातला हा चढउतार दुसऱ्याच्या हृदयात थोड्याच वेळात उमटतो. आई आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. नवं होतं ते भाकीत. मुलाला एका खोलीत बसवायचं, मोठ्या माणसाला दुसऱ्या खोलीत. दोघांच्या मनगटावर पट्टा बांधायचा आणि दोघांना तेच आवाज ऐकवायचे: भांडं पडल्याचा, कुत्रं भुंकल्याचा, कुणी गुणगुणल्याचा. कोण किती दचकतं, दचकल्यावर किती वेळात ताळ्यावर येतं, कशानं शांत होतं, याच्या दोन रेषा निघत. एकमेकांना कधीही न पाहिलेली ही दोघं एका घरात राहिली तर त्यांची लय किती लवकर आणि किती घट्ट जुळेल, हे त्या रेषांवरून यंत्र सांगायचं. रक्तगट जुळवतात तसंच. पुढं एकत्र राहायला लागल्यावर तोच पट्टा प्रत्यक्ष मेळ मोजायचा. शंभरापैकी आकडा यायचा.

हेमलताबाई आणि रुंजीचा आकडा आला त्र्याण्णव. माणिकखेड्यात असा मेळ आजवर निघाला नव्हता.

"तुमच्यासाठीच जन्मली आहे म्हणा ना काकू," संगोपन मंडळाची अधिकारी निलोफर शेख हसत म्हणाली होती.

पण रुंजी जन्मली होती आचल गेडामच्या पोटी.

आचल पंचविशीची होती. कोळशाच्या जुन्या खाणी बंद पडल्यावर त्या जागेवर मैलोन्‌मैल सौर पॅनेल उभी राहिली होती. त्यांवरची धूळ पुसायच्या कामावर ती होती. नवरा दोन वर्षांपूर्वी तेलंगणात कामाला म्हणून गेला तो गेलाच. त्या मे महिन्यात पारा अठ्ठेचाळीसवर गेला. पाळणाघर उन्हामुळं बंद होतं आणि मुकादमानं सांगितलं होतं, की आज जो येणार नाही त्यानं उद्याही येऊ नये. आचलनं पोरीला कूलर लावून दिला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, बाहेरून कडी घातली. दुपारी वीज गेली. पत्र्याच्या खोलीत रुंजी बेशुद्ध पडलेली शेजारणीला सापडली.

पोर वाचली. पण उष्णतेच्या दिवसांत लेकरू एकटं कोंडून ठेवणं हा आता गुन्हा होता, आणि पाळणाघरात घेतलेल्या चाचणीमुळं मंडळाकडे त्र्याण्णवचा मेळ आधीच तयार होता. दवाखान्यातून रुंजी थेट वांढऱ्यांच्या घरी आली.

महिन्यातून एकदा मंडळाच्या कार्यालयात भेट असायची. निळ्या भिंतींची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात कॅमेरा. आचल दर वेळी धुतलेली साडी नेसून, केसांना तेल लावून यायची आणि खुर्चीच्या टोकावर बसायची. तिच्या आणि रुंजीच्या मनगटावर पट्टे बांधले जायचे. काचेपलीकडच्या बाकावर हेमलताबाई बसायच्या.

"रुंजे, काय खाल्लं आज?" आचल विचारायची.

"पोहे."

"अजून?"

रुंजी पट्ट्याशी चाळा करायची. आचलची नजर पोरीकडून कॅमेऱ्याकडे जायची, कॅमेऱ्याकडून पट्ट्याकडे. मग तिला बोलायला काही सुचायचं नाही. एकदा तिनं रुंजीला मांडीवर ओढायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला, जणू त्याचेही गुण कापले जातील. भेट संपली की काचेवर आकडा यायचा. एकेचाळीस. अडतीस. एकदा छत्तीस.

तिसऱ्या की चौथ्या भेटीनंतर आचल बाहेर हेमलताबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तिले रात्री कानाशी पुटपुटावं लागते. काईबी बोला, पन पुटपुटा. मंग झोपते."

"ती झोपते गं," हेमलताबाई म्हणाल्या. "लगेच झोपते."

सांत्वन करायचं म्हणूनच बोलल्या होत्या. पण आचलचा चेहरा असा झाला, की शब्द परत घेता आले असते तर त्यांनी घेतले असते.

त्या संध्याकाळी त्यांनी निलोफरला गाठलं. "ती आचल त्या खोलीत घाबरून अर्धी होते. घाबरलेल्या माणसाचं हृदय कुणाशी कसं जुळेल? हे तुमच्या यंत्राला कळत नाही का?"

निलोफरनं चहाचा कप खाली ठेवला. ती दमलेली दिसत होती. "कळतं. आम्हालाही कळतं. यंत्र खोटं सांगत नाही काकू, त्याला जेवढं विचारलं तेवढंच सांगतं. पण भेट कार्यालयातच व्हायला हवी, असा नियम आहे."

"मग नियम बदला."

"कोण बदलणार? मेळांक यायच्या आधी मुलाला घरातून उचलायचं म्हटलं की मला दोन-दोन दिवस जेवण जायचं नाही. ठेवायचं कुठं, ही धास्ती असायची. तुमच्या गौरवचंच बघा ना. म्हणून आम्ही आईबापांच्या मागं लागायचो, त्यांना काम मिळवून द्यायचो, कुणा आत्या-मावशीला शोधून आणायचो. काहीतरी करून घर टिकवायचो. आता मुलं आठवड्यात रुळतात, हसायला लागतात. मग कशाला कोण एवढी उठाठेव करेल? आमची आत्या-मावश्या शोधणारी माणसंसुद्धा कमी केली. वर विचारतात, जिथं चांगला मेळ तयार आहे तिथं मूल अजून उचललं का नाही?" ती जराशी थांबली. "औषध गुणकारी निघालं ना, की लोक जखमेला भीत नाहीत. पूर्वी आमच्या जिल्ह्यात मुलांचं एक वसतिगृह होतं, तेही अर्धं रिकामं असायचं. आता नवी घरं शोधता शोधता नाकी नऊ येतात."

हेमलताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रुंजी प्रमोदरावांच्या बोटाला धरून घसरगुंडीकडे निघाली होती. चालता चालता तिनं मागं वळून पाहिलं, हेमलताबाई दिसताहेत ना याची खात्री केली आणि पुढं गेली.

दिवाळी झाली आणि निलोफर कायमच्या ताब्याचे कागद घेऊन घरी आली. दोन मेळांकांत एवढं अंतर असेल तर मूल कायमचं संगोपन करणाऱ्याकडे द्यायचं, असा कायदा होता.

"मी नाही म्हटलं तर? ती आचलकडे परत जाईल?" हेमलताबाईंनी विचारलं.

"नाही. यादीत दुसरा मेळ आहे, चौऱ्याऐंशीचा. नंदुरबारला."

"नंदुरबार!" प्रमोदराव उठूनच उभे राहिले. "त्या आईनं तिथं जायचं तरी कसं?"

"कायमचा ताबा झाला की भेटी बंदच होतात काका. पुढं मुलानं कुणाला भेटायचं, कुणाला नाही, हे ताबा असलेल्यांनी ठरवायचं. मंडळ त्यात पडत नाही."

निलोफर गेली. मग प्रमोदराव म्हणाले, "सही कर. नंदुरबारपेक्षा आपण बरे."

"एवढंच कारण आहे का?" हेमलताबाईंनी विचारलं.

प्रमोदरावांनी रुंजीच्या छोट्या सायकलची साखळी हातात घेतली आणि तेल घालत बसले. "नाई," ते म्हणाले. "एवढंच नाई. पण तू तरी काहून विचारते?"

दोघांनी कार्यालयात जाऊन सही केली. मंडळाच्या पायऱ्यांवर आचल उभी होती. ती ओरडली नाही, आडवी आली नाही. फक्त म्हणाली, "माह्या पोरीले तुमी चोरलं नाई बाई. चोरी असती तं मी पोलिसात गेली असती. आता कुठं जाऊ सांगा."

हेमलताबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. मनात एक बेत आकार घेत होता. भेटीचा अधिकार आता आपल्या हाती आहे, थोडे दिवस जाऊ द्यावेत, मग हिला घरी बोलवावं. पण थोडे दिवस गेले आणि आणखी थोडे गेले. रुंजीच्या तोंडची 'मोठी आई' झिजून नुसती 'आई' झाली. ती अंगणात पळायची, गोष्टी सांगायची, भाताचे गोळे मोजून खायची. तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या लेकीला वाढवताना नोकरीच्या धबडग्यात जे निसटलं होतं ते सगळं हेमलताबाईंना परत मिळत होतं. उद्या जाऊ, त्या म्हणायच्या. उद्या बाजाराचा दिवस निघायचा, परवा पोरीला सर्दी व्हायची. आपण टाळतो आहोत हे त्यांना कळत होतं. सुख इतकं भरून होतं, की कळूनही वळत नव्हतं.

बाजारातच ते घडलं. फेब्रुवारीची सकाळ होती. हेमलताबाई मेथीच्या जुड्या निवडत होत्या, रुंजी त्यांच्या पदराला धरून उभी होती. पलीकडच्या कांद्याच्या ढिगामागं आचल होती. तिनं यांना आधी पाहिलं होतं. निघून जायचं तिच्या जिवावर आलं असावं आणि पुढं यायचा धीर होत नसावा, म्हणून ती रिकामी पिशवी छातीशी धरून नुसती बघत होती.

रुंजीनंही तिला पाहिलं. आता ही धावेल, हेमलताबाईंना वाटलं, आता हात सोडून धावेल.

रुंजीनं पदर ओढला. "आई, ती बघ," ती अगदी सहज म्हणाली, "भेटीवाली बाई."

ते आचलला ऐकू गेलं. ती वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

हेमलताबाई मेथी तिथंच टाकून घरी आल्या. रुंजी वाटभर बडबडत होती. तिचा आवाज आनंदी होता, तिला कुठंही दुखत नव्हतं, आणि त्याचीच हेमलताबाईंना भीती वाटली. गौरव फाटकापाशी बसायचा तेव्हा त्याला पाहून जीव तुटायचा. पण त्याला आपली आई कोण हे ठाऊक होतं. हिच्या दुःखावर इतका चांगला उपाय झाला होता, की दुःखाबरोबर आईही पुसली गेली होती. आणि तो उपाय कुणी दुसरा नव्हता. त्या स्वतः होत्या.

त्याच दुपारी त्या आचलच्या पत्र्याच्या खोलीवर गेल्या. आचल दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"उद्यापासून घरी ये," हेमलताबाई म्हणाल्या. "रोज ये. काम सुटलं की सरळ ये."

"काहून? मले भीक घालता का?"

"भीक नाही गं."

"मंग काय? सही करतानी आठवण नाई झाली? तवा तोंडाले कुलूप होतं तुमच्या."

"होतं," हेमलताबाई म्हणाल्या. "मला ती हवी होती. अजून हवी आहे. तुला खोटं सांगणार नाही. पण तिनं आज तुला जे म्हटलं ते ऐकून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू येऊ नको म्हणशील तर मी रोज येऊन विचारेन."

आचलनं त्यांच्याकडे पाहिलं. "ती मले बाई म्हणते हो," ती म्हणाली आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. हेमलताबाई तिच्याशेजारी मातीत बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तेवढा अधिकार त्यांना वाटत नव्हता.

आचल यायला लागली, पण सोपं काहीच नव्हतं. रुंजी हेमलताबाईंच्या मागं लपायची. आचलनं आणलेले गुंजांसारखे लाल मणी तिनं कोपऱ्यात भिरकावून दिले. आचल संध्याकाळी परत जाताना डोळे पुसत जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. आठवडाभरानं हेमलताबाईंच्या ध्यानात आलं, की आपण घरात असेपर्यंत पोर तिच्याकडे जायची नाही. पाण्याला उतार असताना ते चढावर कशाला जाईल?

म्हणून त्या घराबाहेर पडायला लागल्या. आचल आली की पिशवी घ्यायची आणि निघायचं. पहिल्या दिवशी फाटकापाशी पोचल्या तोच आतून रुंजीचा आकांत ऐकू आला, "आई! आई!" त्या थांबल्या. प्रमोदराव पायरीवर बसले होते.

"जा हेमा," ते म्हणाले. "मागं पाहू नको. मी हाय इथं."

नदीकाठच्या मारुतीपर्यंत त्या चालत गेल्या. काय पाहिलं, कोण भेटलं, काही आठवत नव्हतं. परत आल्या तेव्हा रुंजी रडून रडून आचलपासून चार हात लांब जमिनीवर झोपली होती आणि आचल तिच्या कानाशी न जाता, लांबूनच काहीतरी पुटपुटत होती. दुसऱ्या दिवशी रडणं जरा कमी झालं. उन्हाळा लागेपर्यंत ते चार हातांचं अंतर कधीतरी संपलं. कोणत्या दिवशी ते हेमलताबाईंना ठाऊक नाही, कारण त्या तेव्हा घरात नव्हत्या.

ऊन तापायला लागलं तसं प्रमोदरावांनी मागची खोली रिकामी केली आणि छपरावर गवताच्या पेंढ्या टाकल्या. "पत्र्याखाली दुसरा उन्हाळा काढायचा नाई," त्यांनी आचलला बजावलं. आचलनं आधी भाड्याचं बोलून घेतलं, मगच सामान आणलं.

जूनमध्ये निलोफर वर्षाच्या तपासणीला आली. तिनं आल्याआल्या ओट्यापाशी भाकऱ्या थापणारी आचल पाहिली, आणि मग हेमलताबाईंकडे पाहिलं.

"काकू, ह्या इथं..."

"माझ्याकडे राहतात. कुणाला भेटायचं ते आम्ही ठरवायचं, तुम्हीच म्हणाला होतात."

निलोफर हसली नाही, रागावलीही नाही. तिनं हेमलताबाईंच्या आणि रुंजीच्या मनगटावर पट्टे बांधले. रुंजी दोन मिनिटंही एका जागी बसली नाही, पट्ट्यासकट अंगणात पळाली. सायकल फाटकाजवळच्या दगडावर आपटली आणि पोर तोंडावर पडली. गुडघा फुटला. एक क्षण ती तशीच बसून राहिली, मग भोकाड पसरून घराकडे धावत सुटली.

हेमलताबाई उठून दारात आल्या होत्या. त्यांचे हात पसरलेही होते. रुंजी त्यांच्या बाजूनं, त्यांच्या पदराला घासून आत गेली आणि पिठाच्या हातांनीच उचलून घेणाऱ्या आचलच्या गळ्यात पडली. "आई, रक्त! आई, रक्त आलं!"

हेमलताबाईंनी हात खाली घेतले. कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून पदराला पुसले. आत आचल पोरीच्या कानाशी पुटपुटत होती. हुंदके हळूहळू खाली येत होते.

निलोफर हातातल्या पडद्याकडे पाहत होती. तिनं तो हेमलताबाईंसमोर धरला. रुंजीची रेषा उंच उसळली होती आणि आता पायरी पायरीनं उतरत होती. तिच्या मागोमाग हेमलताबाईंची रेषा तशीच उसळलेली, तशीच उतरत चाललेली. पोर दुसरीच्या कुशीत होती, तरी आकडा ब्याण्णव दाखवत होता.

"हा तर कमीच झाला नाही काकू," निलोफर हळूच म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही तिला सोडलंत म्हणजे..."

"मलाही तसंच वाटलं होतं," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टा सोडून निलोफरच्या हातात दिला. "आता हा तिच्या आईला बांधा. इथंच, या स्वयंपाकघरात. नियमात बसत नसेल तर नसू दे. आकडा घेऊन वर जा आणि भांडा. मी येते तुमच्याबरोबर."

निलोफर पट्टा हातात धरून उभी राहिली. मग तिनं पायातल्या चपला काढल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

"मोठी आई!" आतून रुंजीचा रडवेला पण हुकमी आवाज आला. "आई विचारते, हळद कुठंय?"

"आले गं," म्हणत हेमलताबाई हळदीचा डबा काढायला आत गेल्या.